काशाची वाटी

दसरा होऊन सहा दिवस झाले होते. रविवारी अकराच्या सुमारास दिलसुखनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटबाहेर चपला जमायला लागल्या, तेव्हा शांताबाई स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होत्या. सासूबाईंच्या तेराव्यानंतर या दारात एवढ्या चपला पडल्या नव्हत्या. माणसं जमली होती ती त्यांचाच निकाल लावायला, आणि त्यांच्याच हातचे पोहे खाऊन ती निकाल देणार होती. जगाची रीतच आहे, त्यात नवं काही नाही.

शुक्रवारी काय घडलं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. सकाळी शांताबाई बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेल्या आणि एकनाथरावांनी आतून कडी लावली. ती दुपारी चारपर्यंत काढली नाही. समोरच्या कोचिंग क्लासच्या वॉचमनने खालून विचारलं, "क्या हुआ अम्मा?" तर शांताबाईंनी हसून हात हलवला, काही नाही म्हणून. नवऱ्याची अब्रू झाकायची सवय चव्वेचाळीस वर्षांची होती, ती सहा तासांच्या उन्हाने सुटायची नव्हती. शेवटी वॉचमननेच शेजाऱ्यांना गाठून आशिषला फोन करवला. मुलगा कोंडापूरहून धापा टाकत आला, तेव्हा वडील शांतपणे म्हणाले, "बरं झालं आलास. त्या बाईला पोलिसांच्या हवाली कर. मी अर्ज तयार ठेवलाय."

अर्ज खरंच तयार होता, आणि त्याची एक प्रत टपालाने ठाण्यात पोचलीही होती. तिथला सब-इन्स्पेक्टर भला माणूस, त्याने आधी आशिषला फोन केला. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाचा तो अर्ज, त्यात कुठे खाडाखोड नव्हती आणि मुद्दे ओळीने होते. माझी पत्नी शांता पाच महिन्यांपासून बेपत्ता आहे. तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी एक बाई माझ्या घरात राहते आहे. चेहरा, साड्या, चालणं, डाव्या भुवईवरचा तीळ, सगळं हुबेहूब आहे. बाई स्वभावाने वाईट नाही. मात्र ती माझी पत्नी नाही.

'बाई स्वभावाने वाईट नाही' हे वाक्य शांताबाईंनी तीनदा वाचलं होतं.

ज्येष्ठात एका सकाळी चहाचा कप हातात घेताना एकनाथराव त्यांना म्हणाले होते, "तुम्ही कशाला त्रास घेतलात?" आधी वाटलं, थट्टा करतायत. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र 'तू' गेलं ते गेलंच. जेवण त्यांच्या हातचं चालत होतं, कपडे त्यांनी धुतलेले चालत होते, संध्याकाळी पाय त्यांच्या हाती देत होते. फक्त बायको म्हणून त्या चालत नव्हत्या. आशिष ओळखू येत होता, सून येत होती, दूधवालासुद्धा येत होता. सगळ्या दुनियेतून नेमकं एकच माणूस त्यांच्या लेखी बदललं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि वयाने मेंदू आक्रसतो असं सांगितलं. मनाच्या डॉक्टरांनी या आजाराला नाव आहे, पण तो फार विरळा आहे, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, ओळख आली नाही.

आणि मग श्रावणात एक चमत्कार झाला. सून मेघना हिच्याबरोबर बेगम बाजारात गेलेल्या शांताबाईंनी उशीर होईल म्हणून घरी फोन लावला, तर पलीकडून आवाज आला, "शांता? अगं, आहेस कुठे तू? किती दिवस झाले!" आणि एकनाथराव लहान मुलासारखे रडायला लागले. भर बाजारात, धने-मिरच्यांच्या पोत्यांशी उभ्या राहून शांताबाईही रडल्या. धावतपळत घरी आल्या तर दार उघडून नवरा म्हणाला, "या बाई. उशीर झाला तुम्हाला."

फोनवर त्या बायको होत्या आणि समोर परक्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, चेहऱ्याची वाट वेगळी आणि आवाजाची वेगळी. तेव्हापासून रोज चार वाजता त्या मागच्या खोलीत जाऊन दार लावायच्या आणि पुढच्या खोलीतल्या नवऱ्याला फोन करायच्या. अर्धा तास. त्या अर्ध्या तासावर बाकीचा दिवस कसाबसा निघायचा.

पोहे घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा बोलणं थांबलं. म्हणजे बोलणं त्यांच्याबद्दलच चाललं होतं.

"बसा ना वहिनी," धाकटा दीर गणेश म्हणाला. हा कॉलेजातून निवृत्त झालेला, तरी समोर माणसं दिसली की आवाज चढवायचा. "मी आशिषला तेच सांगतोय. दादाला भरती करायला पाहिजे. आज कडी लावली, उद्या काय करेल कोण जाणे."

"भरती म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात?" वेताच्या खुर्चीतून इंदुताई कडाडल्या. एकनाथरावांच्या या थोरल्या बहिणीला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, पण आवाजाला वय लागलं नव्हतं. "आपल्या घराण्यात कुणी पाहिलाय का तो दरवाजा? नक्को म्हणजे नक्को. गाणगापूरला न्या. पौर्णिमेला आरतीला उभं करा. हे बाहेरचं आहे, मी पहिल्या दिवसापासून सांगायलीय."

"आत्या, बाहेरचं वगैरे काही नसतं," आशिष म्हणाला.

"हौ. तुमच्या कंपनीत नसतं."

आशिषने आईकडे पाहिलं नाही. पोह्यांकडे बघतच तो म्हणाला, "माझं असं आहे, आईला आम्ही कोंडापूरला नेतो. अण्णांसाठी माणूस ठेवू, दिवसरात्रीचा. ट्रिगरच नसेल तर अण्णा शांत राहतील."

"ट्रिगर म्हणजे मी," शांताबाई म्हणाल्या.

"आई, तसं नाही हो," मेघना घाईने म्हणाली. "सेफ्टीचं बोलतोय तो. शुक्रवारी तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं काही नाही. ऊन लागलं थोडं." शांताबाईंनी बश्या ठेवल्या. "मी हे घर सोडून कुठे जाणार नाही. मी गेले तर त्यांचं म्हणणंच खरं ठरेल, की बायको निघून गेलीय म्हणून. मी रोज समोर दिसले तरच कधीतरी ओळख पटेल."

इंदुताईंनी बशी ओढून घेतली. "पाच महिने दिसायलीस की," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत एकनाथराव जुन्या फायली उघडून बसले होते. कधी पानं उलटल्याचा आवाज यायचा, कधी काठी पडल्याचा. काठी अलीकडे फार पडायची.

अश्विनी आली ती बारा वाजून गेल्यावर. गणेशची मुलगी, सरकारी दवाखान्यात एम.डी. करत होती. गणेशने तेलुगू बायको केली म्हणून एकनाथरावांनी अकरा वर्षं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि या मुलीला कुलधर्माच्या जेवणाला कधी पाटावर बसवलं नव्हतं. ती त्यांना आईच्या वळणाने 'पेद्दनान्ना' म्हणायची, म्हणजे मोठे बाबा. एके काळी त्या शब्दानेच त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

दसऱ्याला ती जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला आली होती. आरती चालली होती. डोळे मिटून हात जोडताच एकनाथराव झाड कलल्यासारखे कलले आणि आशिषने त्यांना धरलं. "वय झालं," सगळे म्हणाले. आरती झाल्यावर अश्विनीने त्यांना जीभ दाखवायला सांगितली, घोट्यावर चिमट्यासारखा एक काटा वाजवून टेकवला, थरथर कळतेय का विचारलं, आणि जाताना दंडातून रक्त काढून नेलं. शांताबाईंना वाटलं होतं, पोरगी परीक्षेची तयारी करतेय.

आज ती उभ्यानेच म्हणाली, "काकू, एक विचारू? पेद्दनान्नांचं पोटाचं ऑपरेशन झालेलं ना?"

"झालं होतं. अल्सर फुटला होता. आशिष दहावीत होता बघ, बोर्डाची परीक्षा तोंडावर. जवळजवळ सगळं पोट काढलं म्हणाले होते."

"मग नंतर दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला सांगितलं असेल."

"हो, लाल सुई. ताकदीची." शांताबाईंना उगाच बरं वाटलं, आपल्याला आठवतंय म्हणून. "अफझलगंजचे कंपाउंडर घरी येऊन द्यायचे. एक महिना चुकवला नाही कधी. मग तो लॉकडाऊन लागला, ते त्यांच्या गावी गेले ते तिकडेच वारले. आणि आम्ही इकडे राहायला आलो."

"मग इथे कोण देतं?"

"इथे कुणी नाही. ताकदीचीच होती ना ती? चांगले हिंडते-फिरते होते. कशाला उगाच टोचायचं म्हणून राहिलं."

अश्विनी खुर्चीच्या कडेवर बसली. "काकू, त्यांचे पाय जळायचे का?"

आता शांताबाईंचा चेहराच खुलला. पाच महिन्यांत कुणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर देताना मान ताठ राहील. त्यांनी देव्हाऱ्याखालच्या फडताळातून काशाची वाटी काढून आणली. इंदुताईंनी बेगम बाजारातून आणून दिलेली, जड, बुडाशी घासून घासून आरशासारखी झालेली.

"जळायचे म्हणजे? तव्यावर उभा आहे म्हणायचे. दोन वर्षं, रोज दिवेलागणीला, तळपायाला गाईचं तूप लावून ही वाटी घासायची. तूप काळंकुट्ट व्हायचं. शरीरातली उष्णता उतरते ना. एक दिवस खंड नाही पाडला मी, माझा हात मोडला होता तेव्हा डाव्या हाताने घासलं. आणि मागच्या दिवाळीत एके दिवशी म्हणाले, शांता, आग थांबली. थांबली ती थांबलीच. आम्ही पेढे वाटले. अजून रोज घासते, आग पुन्हा उठू नये म्हणून. विचार इंदुताईंना."

"हौ," इंदुताई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचा उपाय आहे तो. डॉक्टरांच्या बापाला जमायचं नाही."

अश्विनीने वाटी हातात घेतली आणि उलटी करून पाहिली. ती बोलली तेव्हा तिचं मराठी नेहमीपेक्षा जास्त अडखळत होतं.

"काकू, आग थांबली नाही. नसा मेल्या. जळतंय हे सांगणारंच कुणी राहिलं नाही तिथे." ती सगळ्यांकडे बघून बोलायला लागली, बहुधा शांताबाईंकडे बघता येईना म्हणून. "ती सुई ताकदीची नव्हती. बी ट्वेल्व्ह. पोट नसलं की अन्नातून ते मिळतच नाही, कितीही खाल्लं तरी. जुना साठा तीन-चार वर्षं पुरतो. मग आधी पाय जळतात. मग बधिर होतात, तोल जातो. मग मेंदू. ओळख न पटणं, आपल्याच माणसाच्या जागी दुसरंच कुणी आलंय असं वाटणं, यानेसुद्धा होतं. कमी होतं, पण होतं. रिपोर्ट आलाय. जेवढं पाहिजे त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही रक्तात."

"पण सगळ्या टेस्ट केल्या होत्या," आशिष म्हणाला. "शुगर, थायरॉइड, सगळ्या."

"ही नव्हती केली. पोट काढलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल."

"डोक्याच्या डॉक्टरला पोटाचं कोण सांगतं?" इंदुताई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं सगळं घर पाच महिने धावत होतं. शांताबाई तर त्या बंबाच्या पुढेच बसल्या होत्या, तुपाची वाटी घेऊन.

मग एकेक करून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"वहिनी, दोन वर्षं पाय जळत होते आणि तुम्ही डॉक्टरला दाखवलं नाही?" गणेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"आई, मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं होतं," शांताबाई म्हणाल्या. "तू मीटिंगमध्ये होतास. म्हणालास, तेल लावून बघ."

इंदुताईंनी पदर सावरला आणि बाल्कनीकडे बघत म्हटलं, "वाटी मी दिली, ते खरं. दोन वर्षं घास, असं काही मी म्हटलं नव्हतं." सत्त्याहत्तर वर्षांची पेढे खाणारी जीभ ती, पण आज पेढ्यांची भागीदारी तिला नको होती.

शांताबाईंना राग आला नाही. राग यायला आतमध्ये काहीतरी उभं असावं लागतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की दिवेलागणीला त्या पाटावर बसल्यात, मांडीवर नवऱ्याचा पाय आहे, तूप काळं होतंय, आणि त्यांच्या हाताखाली तो पाय थोडा थोडा मरतोय. त्या मनात देवाचे आभार मानतायत. आपण एवढं प्रेमाने घासलं नसतं, थोडा आळस केला असता, तर हा माणूस ओरडला असता आणि कुणीतरी दवाखान्यात नेला असता. त्यांच्या सेवेनेच घात केला होता. हे कुणाला सांगणार, आणि सांगून कोण समजणार?

"बरे होतील?" त्यांनी विचारलं.

अश्विनीने खोटं सांगितलं नाही. "पाय बहुतेक नाही. डोकं… होऊ शकतं. तीन महिन्यांत कळेल काय ते. पण फार उशीर झालाय काकू. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी पैज लावली असती. आता नाही लावत." तिने पिशवीतून लाल औषधाची छोटी बाटली काढली. "आजपासून रोज. आठवडाभर मीच येईन."

सुई देणं मात्र सोपं नव्हतं. एकनाथराव दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर, दुसरा काठीवर, आणि पुतणीकडे बघून म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून?"

"मीच म्हणते, पेद्दनान्ना. व्हिटॅमिन आहे."

"आज माझं सगळं खानदान इथे हाजिर आहे, त्या बाईंनी पोहे केलेत, आणि तू सुई घेऊन आलीस. मी चाळीस वर्षं कोर्टात काय माश्या मारल्या?" त्यांनी शांताबाईंकडे पाहिलं. नजर सभ्य होती, तीच सहन होत नसे. "बाई, तुमच्याशी माझं वैर नाही. पण माझ्या बायकोच्या संमतीशिवाय मी काही टोचून घेणार नाही."

आशिषने हात धरायचा प्रयत्न केला तर काठी उगारली गेली. मेघना किंचाळली. अश्विनी म्हणाली, "नको, जबरदस्ती नको," आणि तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.

शांताबाई उठल्या. चार वाजायला वेळ होता, पण त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या खोलीतली फोनची घंटा त्यांना भिंतीतून ऐकू आली.

"शांता!" आवाजात एकदम ऊन पडलं. "आज लवकर केलास? बरं केलंस. अगं, इथे सगळे जमलेत. मला कसली तरी सुई द्यायची म्हणतात."

"घ्या ती," त्या हळू बोलल्या, भिंत पातळ होती म्हणून. "मीच सांगितलंय अश्विनीला. अफझलगंजला असताना घ्यायचात ना, लाल, तीच आहे."

"तू सांगितलंस?"

"हो."

"तू म्हणतेस तर घेतो. पण माझी एक अट आहे. ती बाई आज दिवेलागणीच्या आत घरातून गेली पाहिजे. तुझ्या जागेवर बसलेली बघवत नाही मला. मी शुक्रवारी तिला उन्हात ठेवलं, शांता. पाप केलं. पुन्हा माझ्या हातून काही होईल. तिला जाऊ दे."

शांताबाईंनी पलंगाची कड धरली. "ती कुठे जाईल?"

"असेल ना तिचं कुणीतरी. मला तिचा राग नाही गं. संध्याकाळी येऊन पाय घासते बिचारी. एवढा जीव लावून घासते." त्यांनी आवाज खाली केला, बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. "मला काही कळत नाही. पाय माझे आहेत की कुणाचे तेसुद्धा कळत नाही. मागच्या दिवाळीपासूनच. मी सांगितलं नाही. आधी तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, तू पेढे वाटून बसली होतीस. आता तिला वाईट वाटेल म्हणून."

भिंतीच्या अलीकडे शांताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. थोड्या वेळाने त्यांनी तो काढला.

"सुई रोज घ्याल? एकही दिवस न चुकवता?"

"ती गेली तर घेईन. जबान देतो."

"मग ती जाईल," त्या म्हणाल्या. "मी बघते."

दहा मिनिटांनी एकनाथरावांनी स्वतःच बाही वर केली. सुई टोचताना ते पुतणीला म्हणाले, "हात हलका आहे तुझा. आईवर गेलीस." गणेशने तोंड फिरवलं. हे वाक्य तीस वर्षांपूर्वी आलं असतं तर किती घरं सुखी झाली असती, पण आमच्या माणसांच्या तोंडून चांगलं वाक्य नेहमी गाडी सुटल्यावर येतं.

मेघनाने बॅग भरायला मदत केली. चार साड्या, चष्मा, जपाची माळ. वाटीकडे शांताबाईंनी एकदा पाहिलं आणि ती फडताळात तशीच ठेवून दार लावलं.

"आई, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मेघना म्हणाली.

"हो."

"अण्णा बरे होतील बघा."

"झाले तर त्यांना काय सांगू गं?" शांताबाई म्हणाल्या. "पाय कशाने गेले म्हणून सांगू?" मेघनाने साडीची घडी पुन्हा घातली, जी आधीच नीट होती.

इंदुताई राहणार होत्या, दिवसाचा माणूस येईपर्यंत. गाणगापूरचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. शांताबाई वाकून पाया पडल्या तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. "मीच म्हटलं होतं गं," त्या हळूच म्हणाल्या, "उष्णता उतरली म्हणून. मीच म्हटलं होतं." हे त्यांनी मघाशी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. पण निदान म्हटलं.

सहा वाजले. खाली कोचिंग सुटून पोरांची झुंबड उडाली होती. शांताबाईंनी देवाजवळ दिवा लावला, बॅग घेतलेल्या आशिषच्या मागे दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात काठीचा आवाज आला. एकनाथराव पावलं बघत बघत बाहेर येत होते. नजर पायावरून हलली की तोल जायचा, म्हणून मान खाली.

"सूनबाई," ते मेघनाला म्हणाले, "यांना कुंकू लाव. सवाष्ण बाई दारातून अशी जाऊ नये. माझी बायको असती तर तिने जाऊ दिली नसती."

मेघनाने करंडा आणला. लावताना कुंकू नाकावर सांडलं. शांताबाईंनी ते पुसलं नाही. त्या वाकून नमस्कार करायला गेल्या तसे एकनाथराव मागे सरकले.

"नको, नको. तुम्हीच माझी सेवा केलीत." मग वकिलाला साक्षीदाराची काळजी वाटावी तसं त्यांनी विचारलं, "तुमचे यजमान आहेत ना?"

"आहेत."

"मग जा त्यांच्याकडे. पाच महिने झाले. वाट बघत असेल तो माणूस."

दार लागलं. आशिष बॅग घेऊन लिफ्टकडे गेला, पण शांताबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या, कारण पर्समध्ये फोन वाजत होता. आता त्यांना तोच आवाज दोनदा ऐकू आला, एकदा दाराच्या फटीतून आणि एकदा कानाशी.

"शांता, गेली ती. आत्ताच गेली. मी तिला कुंकू लावून पाठवलं. बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंत."

"मग आता तू ये. आता घरात परकं कुणी नाही. कधी येतेस?"

त्या दोन पायऱ्या उतरल्या, आपला आवाज आत जाऊ नये म्हणून. "संक्रांतीला येते," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकू असतं तेव्हा. तोवर रोज सुई घ्यायची."

"तारीख दिलीस हं. पुढची मागायची नाही."

"नाही मागणार."

"मी दारातच बसून राहीन," एकनाथराव म्हणाले. "तू आलीस की मी लगेच ओळखीन."